राखीव गाव

बुडापेस्टला आयुष्यात एकदाच जाता येतं आणि तेही बहात्तर तासांपुरतं, ही गोष्ट २०७१ साली शेंबड्या पोरालाही ठाऊक होती. रोम, प्राग, लिस्बन, व्हिएन्ना, सगळ्यांनी तोच नियम केला होता. तीसेक वर्षांपूर्वी या जुन्या राजधान्यांवर पर्यटकांची अशी झुंबड उडाली, की पुलांचे दगड झिजले, घरभाडी परवडेनात म्हणून तिथली माणसं शहर सोडून गेली आणि एक दिवस त्या शहरांनी दारं लावून घेतली. आता वेशीवर अंगठा टेकवून आत जायचं, बहात्तराव्या तासाला पुन्हा अंगठा टेकवून बाहेर पडायचं आणि पुढे मरेपर्यंत ते शहर फक्त चित्रात बघायचं.

एकदाच जायचं तर मग नुसतं बघून कसं भागेल? माणसाच्या या हव्यासापोटी परिचयलस निघाली. आपण एखाद्या गावात तीस वर्षं राहिलो, की अंधारातही हात बरोबर दिव्याच्या बटणावर जातो. गल्लीचं नाव आठवावं लागत नाही, पाय आपोआप वळतात. ही ओळख मेंदूत, कानशिलाच्या आतल्या एका चिमुकल्या भागात साठते. तिथल्या पेशींना स्थळपेशी म्हणतात. एक पेशी फक्त तुम्ही स्वयंपाकघराच्या ओट्यापाशी असताना चमकते, दुसरी फक्त जिन्याच्या वळणावर. अशा हजारो पेशी मिळून गावाचा नकाशा होतो. बुडापेस्टमधल्या एका कंपनीने इलोना नावाच्या वयस्कर पोस्टमन बाईच्या मेंदूतून असा नकाशा उतरवून घेतला होता. चाळीस वर्षं त्या शहरात दारोदार पत्रं वाटलेली बाई ती, तिला कुठला दरवाजा कुरकुरतो हेसुद्धा माहीत. पहिल्या रात्री लस टोचायची, डोक्याला टोप चढवून झोपायचं, आणि सकाळी उठलात की तुम्ही बुडापेस्टचे जुने रहिवासी.

सांगलीच्या मयूरी तळवडेकर अशाच एका सकाळी उठल्या. वय सहासष्ट. रक्तपेढीत तंत्रज्ञ म्हणून आयुष्य काढलेलं. नवरा हृषीकेश शाळेत चित्रकला शिकवायचा, तो तीन वर्षांपूर्वी गेला. तेव्हापासून बाईंनी विश्रामबागेतल्या तिसऱ्या मजल्यावरच्या घरातून पाऊल बाहेर काढणं जवळजवळ सोडलंच होतं. अडतीस वर्षांचा संसार त्या तीन खोल्यांत झालेला. तिथल्या प्रत्येक कोपऱ्यात हृषीकेश होता, मग बाहेर जायचं कशाला? शेवटी मुलीने, ओवीने, सहलीत नाव घातलं. "आई, तू या घराची खुर्ची होत चाललीयेस," असं ती म्हणाली आणि मग बाई निमूट निघाल्या.

आणि आता त्या डोब रस्त्यावर एकट्या चालत होत्या. हातात नकाशा नाही, सोबत गाईड नाही. डावीकडच्या घराच्या दारातून आत गेलं की चौक लागतो, चौकाभोवती चारी मजल्यांना गॅलऱ्या आहेत आणि दुसऱ्या मजल्यावरची फरशी हलते, हे त्यांना माहीत होतं. त्या आत गेल्या, दुसऱ्या मजल्यावर चढल्या, फरशी हलली. बाई एकट्याच खुदकन हसल्या. क्लाउझाल चौकातल्या कोणत्या बाकावर सकाळी ऊन येतं तेही ठाऊक होतं. तिथे बसून त्यांनी चुलीसमोर बसावं तसे पाय पसरले. तीन वर्षांत पहिल्यांदाच त्यांना घराबाहेर कुठेतरी आपलं वाटत होतं, आणि ते कबूल करायला थोडी लाजही वाटत होती.

सहलीतल्या इतर एकवीस मंडळींचंही तेच. कोथरूडचे प्रभुणेकाका तर नाश्त्याला येताच म्हणाले, "अहो, मी पहाटे ट्राममध्ये बसून बाजारात जाऊन आलो! बायकोला पुण्यात मंडईचा रस्ता मी कधी सांगू शकलो नव्हतो." सगळे हसले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मयूरीबाई चेन ब्रिजवर गेल्या. डॅन्यूब नदी खालून संथ वाहत होती, समोर टेकडीवर राजवाडा. पुलाच्या मध्यावर आल्या आणि एकदम त्यांना हृषीकेश आठवला. तोही कसा, तर लग्नाआधीचा, तेवीस-चोवीस वर्षांचा. कठड्याला टेकून भडंग खात उभा. वाऱ्याने कागदाचा पुडा हातातून उडाला, भडंग मयूरीच्या केसांत गेलं आणि हा वेडा ते एक एक करून वेचत बसला. वेचता वेचताच म्हणाला, "आता हे काम मला कायमचंच दे." मयूरीबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. किती वर्षांनी हे इतकं लख्ख आठवलं होतं! पुलाचा सिंह, वारा, त्याचा निळा शर्ट.

त्यानंतर दिवसभर तो भेटतच राहिला. बाजाराच्या हिरव्या लोखंडी कमानीखाली तो वांगी निवडत होता. गॅलरीच्या जिन्यावरून चार वर्षांची ओवी गडगडली आणि तिच्या भुवईतून रक्त आलं, तेव्हा तिला उचलून तो याच दारातून धावत सुटला होता. शेवटच्या आजारात तो या खिडकीशी बसायचा, बाहेर पिवळी ट्राम जायची. बाईंना हे सगळं गोड वाटत होतं. प्रवासात मन हळवं होतं, त्यातलंच हे, असं त्यांनी स्वतःला सांगितलं. निळा शर्ट घातलेला हृषीकेश बुडापेस्टला कधीच आला नव्हता, एवढी एक साधी गोष्ट त्यांच्या लक्षात आली नाही.

दुपारी चारला ओवीचा व्हिडिओ कॉल आला. सांगलीत तेव्हा साडेसात झाले होते. ओवी फोन हातात धरून घरातून फिरत होती.

"आई, मोटरच्या खोलीची किल्ली कुठे ठेवलीस गं? खालचे लोक दोनदा येऊन गेले."

मयूरीबाईंनी स्क्रीनवर पाहिलं. पांढऱ्या भिंती, भिंतीवर जलरंगातली चित्रं, कोपऱ्यात वेताची आरामखुर्ची.

"छान आहे गं घर," त्या म्हणाल्या. "कुणाकडे गेलीयेस?"

ओवी हसली. मग आईचा चेहरा पाहून तिचं हसू विरलं. "आई, थट्टा नको. किल्ली सांग."

"अगं, पण मला काय माहीत त्यांच्या किल्ल्या कुठे असतात?"

ओवीने फोन आरामखुर्चीकडे नेला. "ही कुणाची खुर्ची?"

बाईंनी नीट पाहिलं. आपल्याला हे ओळखता यायला हवं, हे मुलीच्या आवाजावरून त्यांना कळत होतं. आपण सांगलीला राहतो, तिसरा मजला, पिन कोडसकट पत्ता तोंडपाठ होता. त्यांनी डोळे मिटले आणि मनातल्या मनात आपल्या घराचं दार उघडून आत पाऊल टाकलं. आत गॅलऱ्यांचा चौक होता आणि दुसऱ्या मजल्यावरची फरशी हलत होती. त्यांनी डोळे उघडले आणि कंपनीचा नंबर लावला.

कंपनीचे डॉक्टर तासाभरात हॉटेलवर आले. डॉ. अद्वैत निसळ मूळचे नागपूरचे, पाच वर्षांपासून बुडापेस्टमध्ये नोकरीला. चाळिशीचा, मऊ बोलणारा माणूस. लॉबीतल्या सोफ्यावर बाईंच्या शेजारी बसून त्यांनी आधी सगळं ऐकून घेतलं. मग टॅबलेटवर बाईंचा अर्ज उघडला, आणि वाचता वाचता ते थांबले.

"काकू, तुम्ही सांगलीत किती वर्षं राहता?"

"सहासष्ट. माहेरही तिथलंच, म्हणजे जन्मापासून म्हणा."

"मग इथे 'आपलं गाव' या रकान्यात तळवडे का लिहिलंत?"

"गाव विचारलं ना? आमचं गाव तळवडे. सावंतवाडीजवळ. आडनावातच आहे की."

"तिथे राहिलात कधी?"

"लग्नानंतर कुलदेवतेला गेलो होतो. दोन रात्री." बाईंना प्रश्नच कळत नव्हता. "अहो डॉक्टर, गाव कोणतं म्हटल्यावर तळवडेच सांगायचं असतं. सासूबाई म्हणायच्या, राहतो ते बिऱ्हाड, गाव एकच."

डॉक्टरांनी टॅबलेट उपडा ठेवला. "काकू, मेंदूत स्थळपेशींची संख्या ठरलेली असते. नवं शहर बसवायचं तर जागा लागते. लस ती जुन्या ठिकाणांच्या पेशी घेऊन करते. कधी काळी पाहिलेली लॉज, जुनी कचेरी, असल्या जागा गेल्या तरी कुणाला पत्ता लागत नाही. पण घर जाऊ नये म्हणून आम्ही एक ठिकाण राखीव करतो. टोप चढवून दहा मिनिटं तुम्हाला त्या ठिकाणाची आठवण काढायला सांगितलं होतं, आठवतं?"

"हो. देवळापुढची तांबडी वाट, फणसाचं झाड... डोळे मिटून मी तळवड्यातच होते."

"त्या दहा मिनिटांत ज्या पेशी चमकल्या, त्यांच्यावर खूण झाली. यांना हात लावायचा नाही. बाकीच्या मोकळ्या. तुमच्या मेंदूत सर्वांत जास्त जागा कुणी व्यापली होती?"

उत्तर सरळ होतं.

"इथल्या भाषेत मूळ प्रश्न असा आहे," डॉक्टर पुढे म्हणाले, "की तुमचं ओत्थोन कोणतं. ओत्थोन म्हणजे रोज रात्री जिथे जाऊन तुम्ही झोपता ते. मराठी अर्जात त्याचं 'आपलं गाव' झालं. भाषांतर दुसऱ्याचं होतं, पण मंजूर मी केलं. वाचायलाही गोड वाटलं मला."

"आणि माझे मिस्टर? ते इथे कसे दिसतात मला?"

"आठवण कधी नुसती तरंगत नसते, काकू. ती एखाद्या जागेला टांगलेली असते, खुंटीला सदरा टांगावा तशी. तुमची सांगलीची खुंटी गेली, सदरे खाली पडले. मेंदूने ते जवळच्या, बऱ्याशा जुळणाऱ्या खुंट्यांवर टांगले. पुलाचं पुलावर, जिन्याचं जिन्यावर. भडंगाची आठवण आयर्विन पुलावरची असणार, कृष्णेवरची."

"आयर्विन पूल," बाईंनी नाव उच्चारून पाहिलं. ते कुणी सांगितलेल्या पत्त्यासारखं लागलं. मग अचानक त्यांनी विचारलं, "आमच्या सहलीत बाकीच्यांनी काय लिहिलंय?"

डॉक्टरांनी टॅबलेट पुन्हा हातात घेतला. बराच वेळ ते बोट सरकवत राहिले. बावीस जणांपैकी एकोणीस जणांनी मूळ गाव लिहिलं होतं. प्रभुणेकाकांचं गाव देवरुखजवळचं निघालं, आणि पुण्याबाहेर ते कधी आठवडाभरही राहिले नव्हते.

"तुम्ही घेतली होती का हो ही लस?" मयूरीबाईंनी विचारलं.

"पाच वर्षांपूर्वी. नोकरीला लागलो तेव्हा, हाच मराठी अर्ज भरून."

"आणि गाव?"

त्या रकान्यात डॉक्टरांनीही मूळ गावच लिहिलं होतं. निसळांचं गाव सिन्नरकडे, आजोबांनी सोडलेलं. नागपूरला आई एकटी होती. दर दिवाळीला ये म्हणायची. दर दिवाळीला काही तरी काम निघायचं, आणि जावंसं वाटत नाही याचं त्यांना कधी नवलही वाटलं नव्हतं. ते उठून खिडकीपाशी गेले आणि पाठमोरे उभे राहिले. मयूरीबाईंना या माणसावर रागवायचं होतं. तो राग त्यांना जमला नाही.

उतारा होता. पण उताऱ्याची गोष्टच मोठी कठीण होती, आणि डॉक्टरांनी ती लपवली नाही. टोचल्यापासून बहात्तर तासांच्या आत तो घेतला, तर बुडापेस्टचा नकाशा पुसला जातो आणि पेशी मोकळ्या होतात. मोकळ्या म्हणजे कोऱ्या. सांगली परत येत नाही. मात्र नवीन भाडेकरू घर शिकतो तसं ते घर शिकता येतं, पाच-सहा महिन्यांत पाय सरावतात. पण खुंट्या गेल्या की त्यांच्यावर टांगलेलं सगळं जाणार. हृषीकेश हे नाव राहील, फोटो ओळखता येईल, तो आपला नवरा होता हे ठाऊक असेल. तळवड्याच्या दोन रात्री सोडल्या, तर त्याच्याबरोबर घालवलेला एकही क्षण राहणार नाही.

"आणि नाही घेतला उतारा तर?"

"तर ते राहतील, पण इथले. सांगलीचं घर तुम्हाला कधीच शिकता येणार नाही, जागा भरलेली असेल. रोज सकाळी परक्या घरात जाग येईल. मोरी कुठे आहे हे रोज विचारावं लागेल, मरेपर्यंत. आणि काकू, खुंटीपाशी जाणं-येणं नसेल तर सदराही विरतो. इथे तुम्हाला परत येता येणार नाही. दोन-तीन वर्षांत ते पुसट होत जातील."

"म्हणजे दोन्हीकडून तेच."

"हो," डॉक्टर म्हणाले. खोटा धीर देण्याइतका तो माणूस वाईट नव्हता.

रात्रभर बाईंनी काय विचार केला ते त्यांनी कुणाला सांगितलं नाही. सकाळी आठ वाजता त्यांनी ओवीला फोन लावला. "मी उतारा घेणार आहे," त्या म्हणाल्या. "त्यांना धरून बसले, तर तुला रोज एक वेडी म्हातारी सांभाळावी लागेल. गेलेल्या माणसासाठी राहिलेल्याचे हाल करायचे नसतात. पण दुपारपर्यंत वेळ आहे माझ्याकडे. मी चालत चालत सगळं बोलणार, तू ते साठवून ठेव."

मग त्या निघाल्या. पुलावर उभं राहून त्यांनी भडंगाचं सांगितलं.

"आई, तो आयर्विन पूल गं," ओवी म्हणाली. "बाबा नेहमी सांगायचे."

"असेल. मला इथलाच दिसतोय. बोलू दे."

जिन्याशी आल्यावर त्यांनी भुवईतल्या रक्ताचं सांगितलं. ओवी म्हणाली, "ते आपल्या जिन्यावर, आई, दुसऱ्या मजल्याच्या..." त्यानंतर तिने हरकत घेणं सोडून दिलं. बाजारात, ट्रामच्या थांब्यावर, उन्हाच्या बाकावर, जिथे जिथे हृषीकेश भेटला तिथे तिथे मयूरीबाई थांबल्या आणि बोलल्या. त्याने पहिल्या पगारातून आणलेले रंग. भांडण झालं की तो पोळ्यांचा डबा स्वतः भरून घेई आणि मुद्दाम तिचाही भरी. मूल राहत नव्हतं त्या वर्षांत तो एकदाही काही बोलला नाही. शेवटच्या दिवशी त्याने तिचं चित्र काढायला घेतलं, नाक काढून झालं आणि हात थकला.

येणारे-जाणारे पर्यटक बघत होते. भर चौकात एक म्हातारी बाई फोनशी बोलत उभी आहे, गालांवरून पाणी वाहतंय आणि ते पुसायचंही तिला सुचत नाहीये. तिला मात्र नवरा अगदी समोर, हाताच्या अंतरावर दिसत होता. सगळं सांगून झालं तेव्हा दोन वाजले होते. ती बाकावर त्याच्या शेजारी थोडा वेळ नुसती बसली. आधी एकदा त्याला निरोप दिला होता तेव्हा तो बेशुद्ध होता, या वेळी तो शुद्धीवर होता. "येते हं," ती म्हणाली आणि दवाखान्याकडे वळली. रस्ता तिला पाठ होता.

एकोणीस जणांपैकी सात जणांनी उतारा घेतला. संध्याकाळी वेशीवर सगळ्यांनी अंगठे टेकवले. बाकीचे बारा मागे वळून वळून बघत होते. मयूरीबाईंना ते कशाकडे बघताहेत ते कळत नव्हतं. जुन्या इमारती होत्या, एक नदी होती. छानच होतं शहर.

चार महिन्यांनी सांगलीतलं घर त्यांच्या अंगवळणी पडलं. ओवीने सुरुवातीला दारांवर चिठ्ठ्या लावल्या होत्या, त्या एकेक करून निघाल्या. डाळ कुठे, साखर कुठे, दिव्याचं बटण कुठे, सगळं जमू लागलं. बाईंची तब्येत सुधारली. त्या फिरायला जाऊ लागल्या, शेजारणींत बसू लागल्या. तीन वर्षं घराला चिकटून बसलेली ती बाई पार बदलली, असं सोसायटीतले लोक कौतुकाने म्हणत. ओवीला ते कौतुक ऐकवत नसे.

एका रविवारी दुपारी तिने धीर करून ती ध्वनिफीत लावली. सहा तासांची होती. मयूरीबाई आरामखुर्चीत बसून ऐकू लागल्या. रंग, डबे, अर्धवट राहिलेलं चित्र. त्या मन लावून ऐकत होत्या, मध्ये मध्ये मान हलवत होत्या, एकदा "अगं बाई!" असंही म्हणाल्या. ओवी त्यांच्या चेहऱ्यावरून नजर हलवत नव्हती. दोन तास झाले, अडीच झाले.

"फार सज्जन होते गं," मयूरीबाई म्हणाल्या. "असा माणूस मिळायला भाग्य लागतं."

"आई..."

"थांब जरा. मघापासून आवाज असा का येतोय? रडतेय का ती?"

"आई, ती तूच आहेस."

"हो गं, ते कळलं मला," मयूरीबाई मुलीची समजूत घालत म्हणाल्या. "पण रडतेय का?"